‘मला फक्त मालिकाच लिहिता येतात’

‘इतकी वर्षं एकाच प्रकारचं लिहीत आले. आता ते काम थांबलंय आणि दुसरं काही जमेल असं वाटत नाही. जुन्या लोकांना फोन करायचीही लाज वाटते.’ लेखन, संकलन, संगीत अशा क्षेत्रांतली माणसं ही चिंता घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी वरचेवर येतात. एका संवादलेखिकेच्या अनुभवातून या चिंतेबद्दल लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या दैनंदिन मालिकांचे संवाद लिहायच्या. या कामात बहुतेकदा कथा एकाची असते, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे. सीन कुठे सुरू होणार, कुठे संपणार, कोण दारात येऊन उभं राहणार, हे ठरून हातात येतं. संवादलेखकाने त्यात बोलणं भरायचं, तेही बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच्या चित्रीकरणासाठी. मालिका बंद झाली आणि हा रोजचा रतीब एकदम थांबला. आता निवांतपणे स्वतःचा चित्रपट लिहू, असं त्यांनी ठरवलं. पण संहिता पहिल्या काही पानांच्या पुढे सरकेना. तीच पानं पुसायची, पुन्हा लिहायची. दरम्यान जुन्या सहकाऱ्यांच्या मेसेजना उत्तर देणं थांबलं, मग मेसेजही यायचे थांबले.

पहिल्या भेटीत मी लेखनाचा विषय बाजूला ठेवला आणि झोप, भूक, थकवा, आनंद वाटण्याची क्षमता यांबद्दल विचारलं. उदासी किंवा कशातच रस न वाटणं सलग दोन आठवडे टिकलं आणि जोडीला झोप-भूक बिघडली, तर प्रश्न फक्त कामापुरता राहत नाही. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांना भेटायला हवं. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. त्यांच्या बाबतीत तशी लक्षणं नव्हती. पैशांची काळजी होती आणि ती खरी होती. म्हणून ती आम्ही वेगळ्या कागदावर लिहिली: किती महिने निभेल, तोवर कोणतं छोटं काम घेता येईल. पैशांची भीती आणि क्षमतेबद्दलची शंका एकत्र कालवली गेली की दोन्ही वाढतात.

मग मी विचारलं, ‘तुम्हाला नक्की काय येत नाही?’

‘रचना. गोष्ट बांधता येत नाही मला.’

‘बांधून बघितलीत आणि फसली, की बांधायची वेळच आली नाही?’

त्या बराच वेळ गप्प होत्या. रचना त्यांना कायम तयार मिळाली होती. जे काम कधी वाट्यालाच आलं नाही, त्याला त्या आपली उणीव समजत होत्या. माझ्या मते या चिंतेच्या मुळाशी बहुतेकदा हीच गफलत असते.

त्यांना काय येतं याची यादी करायला मात्र वेळ लागला, कारण ज्याची सवय होते ते कौशल्य आहे असं वाटेनासं होतं. प्रत्येक पात्राचं बोलणं वेगळं ठेवणं, शेकडो भागांत पात्राचा स्वभाव सांभाळणं, आयत्या वेळी एक कलाकार नसेल तर त्याच्याशिवाय सीन उभा करणं, मुदत पाळणं. यातलं काहीही मालिकेपुरतं नाही, दुसऱ्या माध्यमातही ते सोबत येतं. काही सवयी मात्र सोडाव्या लागतात. मालिका घरातली कामं करता करताही ऐकली जाते, म्हणून पात्रं मनातलं स्पष्ट बोलतात आणि कालचा प्रसंग आज पुन्हा सांगतात. लघुपटात हीच सवय जड होते.

त्यांचा आग्रह होता, ‘आधी आत्मविश्वास येऊ दे, मग नवीन लिहीन.’ मला हा क्रम उलटा वाटतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये ‘हे मला जमेल’ या भावनेचे चार स्रोत मांडले: स्वतः काम करून पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचं प्रोत्साहन आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत सगळ्यात बळकट पहिला. म्हणजे पूर्ण केलेलं काहीतरी हातात हवं. दोन तासांचा चित्रपट यासाठी फार मोठा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, या हिशेबाने शंभराहून जास्त पानं. ती संपेपर्यंत यशाचा एकही अनुभव नाही.

म्हणून त्यांनी दहा मिनिटांची श्रुतिका, म्हणजे फक्त ऐकायचं नाटक, निवडली. दोन पात्रं, एक खोली. संवाद हा त्यांचा हातखंडा, आणि रचना स्वतःची करावी लागणार होती. अट एकच: शेवटची ओळ लिहून होईपर्यंत पहिल्या पानाकडे वळायचं नाही. लिहिण्याआधी त्यांनी कागदावर भाकीत नोंदवलं: ‘पूर्ण होणार नाही, झाली तर वाचणारा हसेल.’ खात्री किती? शंभरात नव्वद. अशी भाकितं लिहून ठेवायला मी आवर्जून सांगते. लिहिलेलं भाकीत पुढे घडलेल्या गोष्टीशी ताडून पाहता येतं, मनातलं मात्र सोयीने बदलत राहतं.

श्रुतिका पूर्ण झाली. ती कुणाला द्यायची, हा प्रश्न उरला. इथे संपर्काचा विषय निघाला.

फोन न करण्यामागे एकच प्रश्न होता: ‘हल्ली काय चाललंय?’ त्याचं उत्तर देण्याची लाज. म्हणून आम्ही एक खरं वाक्य तयार केलं. ‘मालिका संपली, सध्या श्रुतिका लिहून बघतेय.’ त्यात बढाई नव्हती, रडगाणंही नव्हतं. दुसरं ठरवलं ते असं की पहिल्या फोनमध्ये काम मागायचं नाही. समोरच्याचं अलीकडचं काम खरंच बघायचं आणि त्यातलं जे आवडलं ते नेमकं सांगायचं. ‘छान होतं’ एवढ्यावर बोलणं संपतं. ‘त्या सीनमध्ये तिने उत्तरच दिलं नाही, ते आवडलं’ म्हटलं की गप्पा सुरू होतात.

जवळच्या मैत्रिणींपुरतं थांबू नका, असंही मी सुचवलं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या 1973 च्या प्रसिद्ध लेखात असं दिसलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांची ती ओळख अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्याची होती. जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. लेखकाच्या बाबतीत सहायक दिग्दर्शक, संकलक, ध्वनिमुद्रण करणारे अशी माणसं त्या वर्तुळात येतात. लेखक त्यांना बहुधा फोन करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

श्रुतिका त्यांनी आवाजाचं काम करणाऱ्या एका जुन्या परिचिताला दिली. त्याने ती मोठ्याने वाचली आणि सांगितलं, ‘दोघंही फार समजावून सांगतात.’ पुढच्या भेटीत त्या दुखावलेल्या होत्या. आम्ही भाकिताचा कागद काढला. श्रुतिका पूर्ण झाली होती. कुणी हसलं नव्हतं. आलेली प्रतिक्रिया दुरुस्त करता येईल अशी, एका ठरावीक सवयीबद्दलची होती. ‘मला लिहिता येत नाही’ याला औषध नाही. ‘पात्रं फार समजावून सांगतात’ याला आहे. त्यांनी संवाद जवळजवळ निम्मे केले. एका पात्राचं खोटं बोलणं आता शब्दांतून नाही, बोलता बोलता अडखळण्यातून कळू लागलं.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या परिचितासह चौघांचा एक वाचनगट झाला. ते महिन्यातून एकदा भेटतात आणि प्रत्येकाने काहीतरी पूर्ण केलेलं आणायचं. लेखिकांनी मोबाइलच्या उभ्या पडद्यावरच्या मिनिट-दोन मिनिटांच्या भागांची एक छोटी मालिका लिहून पाहिली. प्रत्येक भागाच्या टोकाला उत्सुकता ताणून ठेवायची सवय तिथे थेट उपयोगी पडली. एका संकलकाच्या ओळखीतून त्यांना वेब मालिकेच्या लेखनगटात काम मिळालं. जागा कनिष्ठ होती, श्रेयनामावलीत नाव खाली जाणार होतं. यावर त्यांनी बराच विचार केला. होकार दिला तो एका कारणासाठी: तिथे गोष्ट सगळ्यांसमोर फळ्यावर बांधली जाते, मोडली जाते, पुन्हा बांधली जाते. रचना शिकायला याहून चांगली जागा मलाही सुचली नसती. पहिल्याच आठवड्यात त्यांची एक कल्पना पुसली गेली. तेव्हा फोन करून त्यांनी सांगितलं, ‘वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी गेले.’

चित्रपट सध्या बाजूला ठेवला आहे, सोडलेला नाही. लघुपट अजून जमत नाही. पात्रं बोलत सुटतात असं वाचनगटाचं म्हणणं आहे. पुढच्या वाचनासाठी त्या तो एकही संवाद न वापरता लिहिताहेत. यावेळच्या भाकिताच्या कागदावर खात्रीचा आकडा साठ आहे.