बाशिंजाघ्यानच्या ‘अबोव्यानचं घर’ या चित्रात विशेष काय आहे?

लेखकाचं नाव काढून टाकलं तर या चित्रात उरतं काय, असा तुमचा प्रश्न. चित्रकार गेव्होर्ग बाशिंजाघ्यानने १८८४ साली रंगवलेलं, आर्मेनियातल्या कानाकेर गावातलं, आर्मेनियन लेखक खाचातुर अबोव्यान याचं घर. तुम्हाला ते एक साधं, जुनं, खेड्यातलं घर वाटलं. घर साधंच आहे. पण ते नाव बाजूला काढता येत नाही, कारण या लेखकाला कबर नाही.

अबोव्यान १८०९ मध्ये कानाकेरला जन्मला. तेव्हा तो मुलूख इराणच्या ताब्यात होता. १८४८ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी तो येरेव्हानच्या (आजच्या आर्मेनियाच्या राजधानीतल्या) घरातून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. खून झाला, झारच्या पोलिसांनी सैबेरियाला धाडलं, युरोपातल्या क्रांतीत सामील झाला... तर्क पुष्कळ झाले, पुरावा एकाचाही नाही. ज्या माणसाने आधुनिक आर्मेनियन साहित्याचा पाया घातला, त्याच्यासाठी फूल ठेवायचं तर कुठे? जन्मघर तेवढं उरलं होतं. तो नाहीसा झाल्याला ३६ वर्षं झाली असताना एका तरुण चित्रकाराने ते कॅनव्हासवर आणलं. हे माहीत असलं की त्या भिंतींकडे पाहण्याची नजरच बदलते, निदान माझी तरी बदलली.

त्या काळी त्या भागातलं खेड्यातलं घर कसं असायचं, हे मराठवाड्यातलं माळवद ज्यांनी पाहिलंय त्यांना चटकन कळेल. जाड भिंती, वर मातीचं सपाट छत, आणि उजेड आत यायला व धूर बाहेर जायला छतातच ठेवलेलं भोक, आपल्या साण्यासारखं. त्याला ते ‘येर्दिक’ म्हणतात. जमिनीत पुरलेली मातीची भट्टी म्हणजे ‘तोनिर’. तिच्या तापलेल्या आतल्या भिंतीवर लवाशच्या पातळ रोट्या थापून भाजायच्या, आणि थंडीत तिच्याभोवतीच घरातल्यांनी बसायचं. बाहेरून अशा घराचा दिमाख काहीच दिसत नाही. सगळं घरपण आत असतं.

अबोव्यानच्या ‘आर्मेनियाच्या जखमा’ या कादंबरीची सुरुवातही कानाकेरलाच होते. उपवासाचे दिवस लागण्याआधीचा बारेकेंदान हा सण आहे, गाव खाण्यापिण्यात दंग आहे, आणि त्यातच येरेव्हानच्या सरदाराची, म्हणजे इराणी सुभेदाराची, माणसं एका मुलीला त्याच्या जनान्यासाठी उचलून न्यायला येतात. नायक आघासी त्यांच्यावर तुटून पडतो. ही कादंबरी १८४१ मध्ये लिहून झाली, पण छापली गेली १८५८ मध्ये, तिफ्लिसला (जॉर्जियातलं आजचं तिबिलिसी), म्हणजे लेखक नाहीसा झाल्यावर दहा वर्षांनी. धर्मग्रंथांची जुनी पंडिती भाषा सोडून त्याने कानाकेरच्या लोकांच्या तोंडची बोली कागदावर उतरवली. ज्या घरात ती बोली तो लहानपणी शिकला, ते हे घर.

आता चित्रकाराकडे येतो, कारण तुमच्या ‘साधं’ या तक्रारीचं उत्तर तिथे आहे. बाशिंजाघ्यान जॉर्जियातल्या सिग्नाघीचा आर्मेनियन. सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत शिकला आणि १८८३ मध्ये तिथून बाहेर पडला. रशियन वास्तववादी चित्रकारांचा तो भराचा काळ होता. आपला देश, आपली माणसं जशी आहेत तशी दाखवायची, हा त्यांचा आग्रह. या हाताला अरारत आणि काझबेक हे पर्वत, सेवान तलाव अशी भव्य दृश्यं सहज जमत. त्याच हाताने एका राष्ट्रीय लेखकाचं घर काढताना त्याला देऊळ केलं नाही. मला हाच या चित्राचा मोठा गुण वाटतो. अबोव्यानने खेड्यातल्या बोलीला कादंबरीत मान दिला, बाशिंजाघ्यानने खेड्यातल्या घराला निसर्गचित्रात. घर सजवलं असतं तर ते अबोव्यानचं राहिलं नसतं.

आणि लेखकांबद्दलची ही आस्था तरुणपणीच्या एका चित्रापुरती नव्हती. अठराव्या शतकातला कवी-गायक सायात-नोव्हा याचं स्मारक १९१४ मध्ये तिफ्लिसच्या आर्मेनियन चर्चच्या आवारात उभं राहिलं, त्यामागे बाशिंजाघ्यानचा पुढाकार होता. १९२५ मध्ये बाशिंजाघ्यान गेल्यावर त्याला तिथेच पुरलं. तो स्वतः कथाही लिहायचा.

कानाकेर आता येरेव्हान शहरात सामावलंय आणि त्या घराचं संग्रहालय झालंय. तुम्हाला प्रत्यक्ष जाणं जमणार नसेल, तर एक करा. हे चित्र एकटं पाहू नका, त्याच चित्रकाराची अरारतची चित्रं शेजारी ठेवा. कानाकेरच्या उंचवट्यावरून अरारत दिसतो, आणि अबोव्यान त्या पर्वतावर चढलेला होता. १८२९ मध्ये दोरपात (एस्टोनियातलं आजचं तार्तू) विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रीडरिख पारोट यांच्याबरोबर तो माथ्यावर पोचला, तेव्हा त्याचं वय जेमतेम वीस. माणसाने तिथे पाऊल ठेवणं देवाला मंजूर नाही, अशी तिथल्या धर्मगुरूंची पक्की समजूत होती. अबोव्यानने वर लाकडी क्रूस रोवला आणि माथ्यावरचा बर्फ बाटलीत भरून खाली आणला, कारण ते पाणी त्याच्या लेखी पवित्र होतं. त्या अरारतनंतर हे घर पुन्हा पाहा आणि कसं वाटलं ते कमेंटमध्ये जरूर लिहा.