भागाकाराआधी संख्येची घडण बघा

४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का हे शोधताना ३, ७, ११ असं एकेकाने भागत सुटू नका. अंकांची बेरीज ५९ येते, तेव्हा ३ तर लगेच बाद. पण वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५५३६ पर्यंत, साडेसहा हजारांवर मूळ संख्या आहेत. हाताने करायला गेलात तर दमून जाल.

आधी तिची घडण बघा. २ चा ३२वा घात अधिक १, अशी ती बनली आहे, आणि ३२ हा स्वतःही २ चाच घात आहे. घातांकही २ चा घात असलेल्या अशा घडणीच्या सगळ्या संख्या मूळ असतात असं फर्मा या गणितज्ञाला वाटत होतं. ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये ते खोटं ठरवलं. त्याची युक्ती नीट समजून घ्या, कारण खरी गंमत तिथेच आहे. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच मिळतो. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... आणि पाचव्याच प्रयत्नात भाग जातो! ६४१ × ६७००४१७. हा गुणाकार एकदा कागदावर स्वतः करून बघाच.

अजून एक वाट आहे, मला ती जास्त आवडते. ही संख्या ६५५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच ६२२६४ आणि २०४४९ यांच्या वर्गांचीही. मूळ संख्या अशी दोन वेगळ्या प्रकारे कधीच मांडता येत नाही. म्हणजे एकही भागाकार न करता ती संयुक्त आहे हे सिद्ध झालं.