आजारी मुलाला दुखणं मोठ्यांपेक्षा कमी जाणवतं का? आणि आजाराबद्दल त्याच्याशी बोलावं का?

नाही, कमी जाणवत नाही. पण हा समज डॉक्टरांमध्येही फार वर्षं होता. नवजात बाळांची ऑपरेशनं अगदी जुजबी भूल देऊन व्हायची. १९८७ साली डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये दाखवून दिलं की फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावर ऑपरेशनचा ताण कमी येतो, गुंतागुंतही कमी होते. वाचताना आजही पोटात कालवतं.

कॅन्सर झालेल्या अनेक मुलांना आजारापेक्षा सुईची धास्ती जास्त असते. त्यावर उपाय आहेत, आणि ते मागून घ्या. बधिर करणारं मलम तासभर आधी लावायचं. मुलाला आडवं दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर बसवायचं, हातात साबणाच्या फुग्यांची डबी द्यायची. फुंकर लांब मारायची तर श्वास आपोआप संथ होतो, नजर फुग्यामागे जाते. लक्ष वळवल्याने सुईचं दुखणं कमी होतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तीव्र वेदनेला मात्र औषधच हवं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनला घाबरू नका.

बोलण्याबद्दल: कॅन्सरने मूल गमावलेल्या आईवडिलांचा स्वीडनमधला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला होता. मुलाला बहुतेकदा कळलेलं असतंच. आईला रडू येईल म्हणून ते गप्प राहतं. त्याने विचारलं तर विषय बदलू नका. 'तुला काय वाटतं रे?' एवढंच विचारा आणि ऐका.