पणजोबांचे रिव्हॉल्व्हर: आधी जमा करा, किंमत नंतर

ताई, आपले पत्र मिळाले. वडील गेल्या पावसाळ्यात वारले. आता माळ्यावरची ट्रंक उघडली, तर जुन्या धोतरात गुंडाळलेले रिव्हॉल्व्हर, सात काडतुसे आणि वडिलांच्या नावाचे परवाना-पुस्तक निघाले. रिव्हॉल्व्हरवर ‘वेब्ली’, ‘मार्क सहा’, ‘.४५५’ आणि ‘१९१८’ असे ठसे आहेत. पणजोबांनी ते पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुतच्या वेढ्यात वापरले, असे घरात सांगतात. अमेरिकेतला आतेभाऊ फोटो मागतो आहे, संग्राहक डॉलर मोजतील म्हणतो. हे हत्यार किती जुने, किती मोलाचे आणि विकता येईल का, असे आपण विचारले आहे.

वयाचे उत्तर सोपे आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे हे मॉडेल ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये स्वीकारले. सांगाड्यावरचे १९१८ हे ते बनल्याचे साल. कुतची शरणागती २९ एप्रिल १९१६ ची, म्हणजे हे रिव्हॉल्व्हर त्या वेढ्यात असणे शक्य नाही. याने पणजोबांच्या सेवेला काही उणेपणा येत नाही. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या हा इतिहास आहे आणि हे हत्यार पणजोबांकडे नंतर आले असेल. पण विकताना किंवा कुणाला देताना कुतची गोष्ट त्याला जोडू नका. त्यापेक्षा त्यांची सेवापुस्तिका, पलटणीतला फोटो, जुनी परवाना-पुस्तके शोधा. संग्राहक अशाच कागदांना मोल देतो. सांगाडा, नळी आणि सिलिंडरवरचे क्रमांक एकच असतील तर तेही मोलाचे. घासूनपुसून चकाकी आणायला मात्र जाऊ नका, त्याने किंमत उतरते.

माझी खरी काळजी ‘.४५५’ या ठशाची आहे. तो बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे इंचातले माप. आपल्याकडे शस्त्र नियमांत .३८० किंवा .४५५ ची रिमवाली (बुडाशी कडा असलेली) काडतुसे चालवू शकणारी पिस्तुले-रिव्हॉल्व्हर निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. .३२ चे रिव्हॉल्व्हर असते तर परवाना जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देऊ शकले असते. निषिद्ध बोअरचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असतो. वारसाहक्काचा अर्ज आपण किंवा आपले भाऊ जरूर करू शकता. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची ना-हरकत लागेल. पण तो मंजूर होईलच असे मी सांगणार नाही. शिवाय शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात आणि वारशाने आलेलीही त्यातच मोजली जाते.

‘शंभर वर्षे जुने, मग परवाना कशाला’ हे मी वर्षानुवर्षे ऐकतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या आणि पुराणवस्तूचे मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्ती करून किंवा न करताही ते चालवता येऊ नये, अशी अट आहे. २०२० मध्ये ‘क्युरिओ’ (जपून ठेवण्याजोगी जुनी, दुर्मीळ वस्तू) म्हणून काही हत्यारे बाळगायला सवलत मिळाली. आपले त्यात बसते का, हे परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्या, मनाने ठरवू नका. अमेरिकेतही बिनपरवान्याच्या पुराण हत्याराची सीमा १८९८ आहे, १९१८ तिथेही बसत नाही. आणि शंभर वर्षांपलीकडची, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने बंदी आहे. आतेभावाला नम्रपणे नकार कळवा आणि फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

वडिलांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. आज हत्यार घरात आहे ते परवान्याशिवाय. साध्या बोअरचे असते तरी २०१९ नंतर अशा गुन्ह्याला किमान दोन वर्षे कैद आहे. निषिद्ध हत्याराला ती किमान सात वर्षे आहे. मी घाबरवत नाही. कायद्यानेच वाट ठेवली आहे. कलम २१ प्रमाणे, ताबा कायदेशीर राहिला नाही की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे. जमा केल्याने मालकी जात नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाला परवाना मिळाला तर ते परत मिळते, नाहीतर बाळगण्याचा हक्क असलेल्याला विकून पैसे घेता येतात. मुदत चुकली तर मात्र ते सरकारजमा होऊ शकते.

विक्रीचे स्पष्ट सांगतो. परदेशी बनावटीच्या .३२ ला आपल्याकडे लाखांत मागणी असते, कारण खासगी माणसाला हत्यारे आयात करणे १९८० च्या दशकातच बंद झाले. ती मागणी वापरणाऱ्यांची आहे, संग्राहकांची नाही. .४५५ घ्यायला निषिद्ध बोअरचाच परवाना हवा. असे गिऱ्हाईक विरळा, म्हणून भाव नावापुरता येईल. मी आपल्या जागी असतो तर पणजोबांच्या कागदपत्रांसह ते एखाद्या सैनिकी संग्रहालयाला देण्याची परवानगी मागितली असती.

उद्या सकाळी हत्यार पिशवीत घालून निघू नका. आधी परवाना-पुस्तकाची प्रत आणि मृत्यूचा दाखला घेऊन ठाण्यात जा, लेखी अर्ज द्या आणि ते सांगतील तसेच हत्यार पोहोचवा. काडतुसेही त्यातच आली. तोवर ट्रंकेला कुलूप असू द्या, कुणी घोडा ओढून पाहू नये. पावतीवर बनावट, बोअर, क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. अर्जाची शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.