भीती वाटते, म्हणजे माझा विश्वास कमी का?

"रोज प्रार्थना करते, तरी भीती जात नाही. माझा विश्वासच खोटा का?" हा प्रश्न विश्वासी ख्रिस्ती माणसं समुपदेशनात नेहमी विचारतात, तेही खाली मान घालून.

इथली 'ती' एका कार्यालयात हिशेब पाहते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वरिष्ठ दर महिन्याला न झालेल्या खर्चाच्या दोन-तीन पावत्या पुढे सरकवतात आणि ती सही करते. सहा महिने पहाटेची प्रार्थना एकच होती: प्रभू, माझी भीती काढून टाक. भीती जाईल त्या दिवशी 'नाही' म्हणायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

गाठ तिथेच बसली होती. एखादी गोष्ट टाळली की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि मनाला त्या हायशाचीच सवय लागते. पुढच्या वेळी भीती आणखी बळावते. भीती जायची वाट पाहत बसणं हेसुद्धा टाळणंच असतं. प्रार्थनेच्या आडोशाला ते पटकन ओळखू येत नाही, इतकंच.

त्यात तिच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) कुणीतरी तिला बायबलमधलं 'देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिला नाही' हे वचन ऐकवलं होतं. हेतू चांगला होता, पण तिला तो ठपका वाटला. हे वचन पूर्ण वाचायला हवं (२ तीमथ्य १:७). पुढे सामर्थ्य, प्रीती आणि संयम असे तीन शब्द आहेत. शिवाय तीनच ओळी आधी प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की तुझे अश्रू मला आठवतात. रडणाऱ्या माणसाला धीर द्यायला लिहिलेलं वचन आपण रडणाऱ्यावरच उगारतो, हे फार वाईट. खुद्द पौलही करिंथकरांना सांगतो की मी तुमच्याकडे आलो तो अशक्त, भयभीत आणि थरथरत (१ करिंथ २:३). त्याच गावी तो दीड वर्ष शिकवत राहिला.

मग तिची प्रार्थना बदलली. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये, अध्याय ४ मध्ये येशूचे शिष्य पेत्र आणि योहान धर्मपुढाऱ्यांच्या धमक्या ऐकून आपल्या लोकांत परत येतात. सगळे मिळून प्रार्थना करतात, पण धमक्या थांबव असं कुणी मागत नाही. त्यांच्या धमक्यांकडे तू पाहा आणि आम्हाला धैर्याने बोलू दे, असं ते मागतात. 'भीती काढ'ऐवजी 'अमुक दिवशी, अमुक माणसापुढे, हे वाक्य मला बोलू दे' असं मागता आलं की तयारीही करता येते.

तयारीसाठी नहेम्यासारखा गुरू नाही. बायबलमधला हा पारसाच्या राजाचा प्यालेबरदार; त्याला यरुशलेमचा पडलेला तट बांधायला जायचं होतं. राजाने 'तोंड का उतरलंय' विचारलं तेव्हा आपण फार घाबरलो, असं तो स्वतःच सांगतो. तिथल्या तिथे मनात प्रार्थना करतो आणि लगेच बोलतो. त्याआधी किसलेव ते निसान (यहुदी महिने) असे सुमारे चार महिने त्याने प्रार्थनेत काढले होते, म्हणून मागणं नेमकं होतं: ठरावीक मुदत, नदीपलीकडच्या अधिपतींसाठी पत्रं, आणि लाकडासाठी राजाच्या वनरक्षकाला एक पत्र.

तिनेही तसंच केलं. पावत्यांच्या तारखा आणि रकमा वहीत उतरवल्या, तक्रार कुणाकडे करता येते ते शोधलं, नोकरी गेली तर शिलकीवर किती महिने निघतील ते नवऱ्यासोबत बसून मोजलं. या हिशेबाने अर्धा थरकाप कमी होतो. भीतीला आकडा मिळाला की ती आटोक्यात येते. मग भीतीला ० ते १० गुण देऊन पायऱ्या आखल्या. सहकाऱ्याला 'आज जमणार नाही' म्हणणं ३, मूळ बिल मागणं ५, वरिष्ठांना नकार ९. एक पायरी तीन-चारदा जमली की पुढची.

पहिला प्रयत्न फसला. संध्याकाळी निघताना, दारात उभं राहून तिने "सॉरी सर, तुम्हाला राग येईल, पण माझी श्रद्धा, घरचेही म्हणतात…" असं पाच मिनिटं सांगितलं. त्यातलं एकेक कारण खोडून ते म्हणाले, "फक्त या महिन्यापुरतं." तिने सही केली. दिलेलं प्रत्येक कारण समोरच्याला वाद घालायला जागा देतं, आणि दमलेल्या वेळी आवाजही साथ देत नाही.

दुसऱ्या खेपेला दोनच वाक्यं ठरली: "सर, जो खर्च झालेला नाही त्या पावतीवर मी सही करणार नाही. बाकीच्या आज पूर्ण करून देते." ही वाक्यं आरशासमोर मोठ्याने वीस वेळा म्हटली. वेळ सकाळची, बसून. आत जाण्याआधी चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, असं पाचदा. दोन मैत्रिणी त्याच वेळी प्रार्थनेत होत्या. राजाकडे जाण्याआधी बायबलमधल्या एस्तेर राणीनेही आपल्या लोकांना तीन दिवस उपास करायला सांगितलं होतं. बोलून झाल्यावर गप्प राहायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. हे सगळ्यांत अवघड.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. समोरचा मारहाण करणारा असेल तर ही पायऱ्यांची पद्धत लावू नका. आधी सुरक्षित जागी जा. छातीत धडधडून श्वास कोंडत असेल किंवा आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर डॉक्टरांना भेटा. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि दोनदा खाऊ घातलं.

तिने ती दोन वाक्यं म्हटली. आवाज कापला, हात टेबलाखाली घट्ट धरलेले होते. वरिष्ठांनी पावत्या ओढून घेतल्या आणि 'बघू' म्हणाले. त्या महिन्यात त्या तिच्याकडे परत आल्या नाहीत. बोलणं मात्र तुटक झालं. समुपदेशनाच्या पुढच्या भेटीत तिने वही उघडली आणि जुन्या सह्यांच्या तारखांवर बोट ठेवलं. "यांचं काय करायचं?" सोमवारी वकिलाची वेळ घेतली आहे. या पायरीला तिने ८ गुण दिलेत.