मागच्या बाकावरचा मुलगा

प्रश्न : चौथीतला एक मुलगा सतत खोड्या काढतो, वाचायला सांगितलं की गप्प. त्याच्याकडून काही होईलसं वाटत नाही. – एक शिक्षिका, देवगड

उत्तर : बाई, ते शेवटचं वाक्य आधी मनातून काढा. रोझेन्थाल आणि जेकबसन या अमेरिकन संशोधकांच्या १९६८ च्या अभ्यासात, कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत सुमारे २० टक्के मुलं कशीही निवडून ‘ही चमकतील’ असं शिक्षकांना सांगितलं होतं. वर्षअखेर पहिली-दुसरीतली ती मुलं खरंच पुढे गेली. नंतरच्या अभ्यासांत शिक्षकांच्या अपेक्षेचा हा परिणाम लहान दिसला, पण दिसला.

माझ्या वर्गात एक मुलगा पेंगायचा. मी त्याला आळशी ठरवलं होतं. एकदा त्याचे तळवे पाहिले, दोरीचे लालभडक वळ. पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून यायचा तो! मग मासळीचा हिशेब त्यालाच फळ्यावर मांडायला दिला. चुकला, तरी मी थांबले. ‘हुशार’ मुलांसाठी आपण नकळत जास्त थांबतो. तुमच्या मुलासाठीही थांबा. आणि एकदा त्याच्या घरी जाऊन या.