‘मी नसतो तर खर्च वाचला असता’

पलूस तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा १७ वर्षांचा, बारावीला, नीटच्या क्लाससाठी सांगलीत रूमवर राहतो. दिवाळीपासून जेवण तुटलंय, पहाटे तीनपर्यंत जागा असतो, मित्रांचे फोन उचलत नाही. मागच्या रविवारी घरी आला तेव्हा म्हणाला, “मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता.” त्या विचारतात, पोराला कशाची कमी नाही, मग माझं चुकलं कुठं? सासूबाईंच्या मते हे बाहेरचं आहे.

ताई, तो रागात बोलला असं तुम्ही लिहिलंय. मला ते रागाचं बोलणं वाटत नाही. आपण घरावर ओझं आहोत, असं मनानं घेतलेलं पोर असं बोलतं. रविवारची वाट बघू नका, उद्याची पहिली एसटी धरा. जवळ बसा आणि सरळ विचारा, “बाळा, जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोरं मोकळी होतात. हो म्हणाला तर रडून शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आता चुकलं कुठं ते. तुमच्या भावाला तरुणपणी असाच मनाचा आजार झाला होता, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंय. रक्ताच्या नात्यात आजार असला की धोका वाढतो. होतोच असं नाही. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं, दावणीची गाय सोडवता आली नाही, तेव्हा तो शाळकरी पोर होता आणि माडीवरून बघत होता. त्यानंतर बागेचं कर्ज, त्यावरून घरात रोजची धुसफूस. आता परक्या गावात एकटं राहणं, अपुरी झोप, दर आठवड्याला टेस्टचे मार्क. यातलं एकेक त्यानं पेललं असतं, पण सगळं एकावर एक येऊन बसलं. मनाचे बहुतेक आजार २५ वर्षांच्या आतच सुरू होतात, त्यामुळे ‘एवढ्याशा वयात कसलं टेन्शन’ हे कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

सांगलीच्या सिव्हिलमध्ये केसपेपर काढून मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. मध्यरात्री धीर सुटला तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. सासूबाईंशी वाद घालत बसू नका. त्यांना अंगारा लावायचा तर लावू देत, डॉक्टरांची तारीख मात्र चुकवायची नाही. मामाचं काय झालं होतं, ते त्याला तुमच्याच तोंडून कळू दे. आपल्यालाच असं होतंय, हे त्याच्या मनातून जाईल. नीट यंदा राहिली तर राहू दे, हे मात्र त्याच्या वडिलांनी त्याला सांगायचं. तुमच्या तोंडून तो खरं धरणार नाही.

आणि बागेतली फवारणीची औषधं आजच कुलपात टाका. किल्ली कमरेला ठेवा. त्याला भेटून आलात की मला लिहा, मी वाट बघतेय.